तिसऱ्या रंगाचा धागा

रात्रभराची बस, मग एक बंद पेट्रोलपंप,
तिथून पुढे अकरा किलोमीटर चालत.
चुबुतच्या पठारावर वारा
कुसळं विंचरत राहतो, कुणी सांगितलेलं नसताना.
पत्र्याची शेड. बायकांची विणकाम संस्था.
तीन यंत्रं, त्यातलं एक मुकं.

मोडलेलं नाहीये, ओतिलिया कुरापिल म्हणाली.
सुया शाबूत, पट्टा शाबूत,
बटण दाबलं की मोटर गुरगुरते अजून.
फक्त पडद्यावर एक ओळ येते:
परवान्याची मुदत संपली, कंपनीशी संपर्क साधा.
कंपनी मागच्या हिवाळ्यात विकली गेली.
फोनवर पूर्वी एक बाई बोलायची,
आता नुसती धून वाजते.

नक्षी आत आहे.
माझ्या सासूची, पायऱ्यापायऱ्यांची.
दोन महिने बसून एकेक टाका भरला आम्ही यंत्रात,
आणि कागद चुलीत घातला.
यंत्रात आहे ना, म्हटलं, आता कशाला.

मी पत्रकं काढली होती पिशवीतून.
वीस वर्षं हेच करतो मी:
शून्यापासून मोजलेली चार स्वातंत्र्यं
सभागृहांतून सांगतो, बोट वर करून,
समोरच्या जांभया मोजत.
पत्रकं परत आत घातली.
विचारलं, पेचकस आहे का?

तीन रात्री गेल्या.
एस्टोनियातल्या कुणा तरुणाने
आपल्या आईच्या यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम.
आई, यंत्र, मुलगा, कुणालाच मी पाहिलेलं नाही.
खाली एवढंच लिहिलेलं:
चालला तर वापरा. सुधारलात तर मलाही द्या.
चौथ्या पहाटे यंत्र कण्हलं
आणि पहिली ओळ विणून मोकळं झालं.
सासूच्या पायऱ्या, काळ्यावर पांढऱ्या,
एकेक करून वर येऊ लागल्या.

तिसरा रंग मात्र पकडेना.
लाल धागा नुसता लोंबत राहिला.
सांगून टाकलं: कंपनीचं चालू होतं तेव्हा
तिन्ही रंग चालायचे, यात दोनच चालतात. अजून तरी.
खोटं सांगून कुणाला मोकळं करता येत नाही,
हे शिकायला मला बरीच गावं लागली.

फुकट आहे ना? तिने विचारलं.
मी छाती भरून घेतली: फुकट नव्हे, बाई, मुक्त...
फुकट काही नसतंच, ती म्हणाली.
तुझ्या तीन रात्री गेल्या, माझी कॉफी गेली.
नक्षी कागदावरही काढून दे.

तिची भाची यामिला, सोळा वर्षांची,
माझ्या खांद्यावरून वाचत होती.
ही ओळ काय करते? आणि ही बदलली तर?
बिघडेल, मी म्हटलं.
मग परत लावू, म्हणाली.
माझ्या पत्रकातलं एक अख्खं पान
तिने तीन शब्दांत संपवलं.

महिन्याभराने पलीकडच्या खोऱ्यातल्या बायका आल्या.
तसंच यंत्र, तीच ओळ पडद्यावर.
ओतिलियाने प्रोग्राम दिला,
शेजारणीला विरजण द्यावं तसा,
वाटीसुद्धा परत न मागता.
नक्षीही द्या, त्या म्हणाल्या.
नाही, ती म्हणाली.
ती माझी नाही. देण्याआधी ज्यांना विचारायचं
त्यातल्या काही जणी मेल्या आहेत.

मी मध्ये बोलणार होतो.
मोकळ्या गोष्टी वाटल्याने वाढतात,
हे वाक्य माझ्या जिभेवर कायम तयार असतं.
ते तसंच राहिलं.
कॉफी गार झाली.
पत्रकात याला उत्तर नव्हतं,
आणि समासात लिहायला जागा होती, तीही थोडीच.

यामिलाचं काम चालू आहे.
एस्टोनियातून काल चार ओळी आल्या,
ती म्हणते, त्यातली एक चुकलेली आहे.
तोवर ओतिलिया लाल धागा
दर ओळीला हाताने भरते.