हात लावून पाहा

थंडर बेला नोव्हेंबरात चारलाच अंधार पडतो.
बाकीचे कुरकुरतात.
माझं काय,
माझा अंधार घड्याळ बघून येत नाही.

दुकानाच्या मागच्या दारी
सकाळी पोती येऊन पडतात:
कुणाचं घर मोडलेलं, कुणाचं पोट सुटलेलं,
कुणी मेलेलं,
कुणी नुसतंच कंटाळलेलं.
पूर्वी मी इथली गिऱ्हाईक होते.
कोटाच्या बाहीवरून बोट फिरवायचं
आणि किंमत दुसऱ्याला विचारायची.
कामासाठी तीनदा अर्ज केला.
तिन्ही वेळा बर्निस म्हणाली, "बघू, आयला."
बघू म्हणजे नाही,
हे आंधळ्यालाही दिसतं.

मग हा डबा आला.
साबणाच्या वडीएवढा, गळ्यात अडकवायचा.
कॉलेजातल्या दोन पोरांनी केला,
त्यांच्या चाकाच्या खुर्चीवरच्या मास्तरणीनं
सतरा वेळा परत करायला लावला.
त्याला जगातलं फारसं कळत नाही.
निवडणुकीचं विचारा, गप्प.
बर्फ कधी थांबेल, गप्प.
पण बटण, काजं, अस्तर, उसवण,
कपाची कड उडालीय का,
यात त्याचा हात धरणारं कोणी नाही.

"लोकर. ऐंशी टक्के.
डाव्या कोपराला कसर. सहा डॉलर."
मी कसरीत बोट घालते.
आहे खरी.

पहिल्या आठवड्यात
उशीच्या अभ्र्याला तो झबलं म्हणाला.
मी पोट धरधरून हसले.
बर्निस नाही हसली.

वेंडेलकडेही एक आहे.
वेंडेलला दिसतं सगळं, अक्षरं मात्र नाचतात.
या आठवड्यात कुठल्या रंगाची चिठ्ठी अर्ध्या किमतीत,
ते त्याचा डबा त्याच्या कानात सांगतो.
आता तो फळ्यासमोर उभा राहून
खोकत नाही.

परवा एका पोत्यात तळाशी,
पडद्यांच्या खाली, काहीतरी मऊ लागलं.
"चामडं," डबा म्हणाला. "मणी. हातची शिवण."
मग थांबला.
इतका थांबला की मला वाटलं, बॅटरी गेली.
"किंमत माहीत नाही.
हात लावून पाहा."

त्रेपन्न वर्षांत
मला सगळे म्हणत आले,
तू राहू दे, आम्ही बघतो तुझ्यासाठी.
माहीत नसलं तरी बघायचे.
निळ्याला हिरवं सांगायचे, ठासून.
पाहा, असं
कुणी म्हटलं नव्हतं.

मी हात लावून पाहिलं.
टाचेशी झिजलेलं, आत केसाळ अस्तर.
हुंगून पाहिलं:
लाकडाचा धूर, जुना, कातड्यात मुरलेला.
वेंडेलला हाक मारली.
त्यानं जोडे हातात घेतले असावेत,
कारण हातातलं वजन गेलं.
बराच वेळ नुसता रेडिएटर ठकठकत राहिला.
"मूसचं कातडं," तो म्हणाला शेवटी.
"हे टाकून देत नाही कुणी.
चुकून आलंय."

चिठ्ठी लावली नाही.
वेंडेलनं आपल्या मंडळींत विचारून ठेवलंय,
पलीकडच्या चर्चच्या सैपाकघरातही.
तीन आठवडे झाले.
जोडे वरच्या फळीवर आहेत,
शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून हात पोचतो.
मी जाता-येता हुंगते.
धूर थोडा कमी झालाय,
किंवा मला सवय झालीय.

मार्चमध्ये डब्यांचं अनुदान संपतं.
काल पगाराचं पाकीट घेताना
बर्निसला विचारलं, पुढे काय?
तिनं पेन खाली ठेवलं. वाजलं ते.
"बघू," म्हणाली.

या खेपेला मात्र आवाज
त्या डब्यासारखा होता,
खरंच माहीत नसल्याचा.