आखूड स्क्रू

उदगीरला, मोंढ्याच्या मागल्या गल्लीत
मी ट्रॅक्टरच्या सीटा शिवते.
ऑटोच्या, पिकपच्या,
एकदा दातांच्या डॉक्टरची खुर्चीसुद्धा.
माझ्या कात्रीला फुटांची सवय.
त्यामुळे हैबतपुरे सरांनी टॉवेलातून
तो दोन डोळ्यांचा डबा काढून टेबलावर ठेवला
तेव्हा वाटलं, पत्ता चुकला यांचा.

"फोटो निघतेत याच्यात अजून.
फक्त कातडं सुटायलंय."

कातडं नव्हतंच ते.
कापडावर काळा थर, थरावर दाणे उठवलेले,
लांबून बघणाऱ्याला कातडं वाटावं म्हणून.
साठ उन्हाळ्यांनी पार वाळवलेलं.
काठाला बोट लावलं
की पापडासारखा तुकडा हातात.
मी म्हणाले, दोनशे होतील, अन् घाई करायची नाही.

जुनं सोडवायचं काम पात्याचं नाही, स्पिरिटचं.
इंजेक्शनच्या सुईनं कडेकडेनं एकेक थेंब सोडायचा
आणि त्याच्या वाटेला जायचं नाही.
तेवढ्यात मी एका ऑटोची पाठ शिवून घेतली.

एका बाजूला चार फोड होते, मोहरीएवढे.
सर म्हणत होते, दमट हवा.
उदगीरला कुठली दमट हवा!
खाली पितळेची चार रिबिटं निघाली
आणि त्यांच्या डोक्यावर हिरवा जंगाल,
कुणी बघत नसताना इतकी वर्षं
कणाकणानं वर आलेला.
माचिसच्या काडीनं खरवडला.
न घासलेल्या घंगाळाचा वास आला बोटांना.

मग डावी बाजू निघाली
आणि पत्र्यावर पेन्सिल दिसली.
उजवीकडून डावीकडं गेलेली एक ओळ,
शेपूट जुन्या सरसात अडकलेलं.

शेजारी अथर कूलरच्या जाळीत गवत भरत होता.
सातवीपर्यंत उर्दू शाळेतला. त्याला हाक मारली.
त्यानं ओले हात शर्टाला पुसले,
डबा उजेडाकडं धरला, ओठ हलवत राहिला.
तोवर माझ्या मनात काय काय येऊन गेलं.
कुणाचं नाव असेल. एखादा शेर असेल.
हैदराबादेतल्या कुण्या कारागिरानं
कुणाला तरी सांगायचं राहिलेलं
इथं झाकून ठेवलं असेल.

अथर म्हणाला,
"हा स्क्रू आखूड आहे. जास्त पिळू नका."

"अन् पुढं?"

"पुढं काय नाही. तारीख होती, पुसली."

मी स्क्रूड्रायव्हर लावून पाहिला.
बाकीचे तीन चांगले चार-चार आटे धरत होते,
हा दोनातच संपला.
आणि मी तर पिळणारच होते.
माझ्या हाताला ट्रॅक्टरचा जोर.

काळं रेग्झीन माझ्याकडं एकच, सीटचं, जाड.
मागचं अस्तर सोलून काढलं, तीनदा फाटलं.
वहीच्या कागदावर नमुना, नमुन्यावर ब्लेड,
भिंगाभोवतीचा गोल तर
बांगडी ठेवून कापला, माझीच.

चिकटवायच्या आधी थांबले जरा.
खडू पत्र्यावर उमटेना,
अथरच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली.
त्या ओळीखाली लिहिलं,
'खरंय. मीही पाहिला.'
नाव घालावंसं वाटलं. जागा नव्हती.
मग फेव्हिबाँड, मग रेग्झीन,
मग अंगठ्यानं दाबत बसले, चारी कोपरे,
अजान होईपर्यंत.

सरांनी उलटंपालटं करून पाहिलं.
"दाणा जरा मोठा वाटायलाय."
वाटणारच. सीट आहे ती.
"आत काय निघालं का?"
"जंगाल," मी म्हणाले.

एकशे ऐंशी दिले, वीस नंतर म्हणाले.
पट्टा गळ्यात घालून गल्लीच्या तोंडाशी पोहोचले तेव्हा
मला राहवेना. मशीन तशीच सोडून
दारातून ओरडले,
सर, कधी कुणी खोललाच
तर डावीकडं हळू म्हणावं!
ते वळले. ऐकू गेलं नसावं.
हात हलवला त्यांनी,
वीस रुपयांचंच समजून.