ओळख, कोरगावच्या सड्यावर

दुपारी सड्यावर सावली फक्त टोपीखाली.
चिऱ्याच्या भेगेपाशी मातीचं फूल,
पाकळीत पाकळी, मधोमध काळं भोक.
मी पोटावर पडून भिंग लावते.

कंबरेला दोन गाठी. ठीक.
मिशीची कांडी मोजत नऊवर पोचते
तोवर बाई गवताचं बी उचलून चालती होते.
डोक्यावर बारीक रेघा आहेत
की माझाच घाम उतरलाय काचेवर?
वहीत लिहिते : दाणेवेची. पुढे प्रश्नचिन्ह.

जानू झोरे म्हशी सोडून येऊन उभा.
"तोंड काय बघतेस तिचं? उकिरडा बघ."

बिळाच्या पश्चिमेला सालपटांचं कडं,
वाऱ्याने अजून न नेलेलं.
"मांसखाऊच्या दारात पाय-पंख पडतात.
हिच्या दारात नुसतं भूस.
पाऊस उघडला की ओलं बी वाळत घालते.
दिसलं, की मी म्हशी वळवून नेतो."

प्रश्नचिन्ह खोडत नाही मी.
जात कळायला अजून तीन कांडी बाकी आहेत.
शेजारी लिहिते : भूस, दीड वीत, पश्चिमेला.

उठताना दिसतं,
पोटाखाली त्यांची वाटच दाबून धरली होती मी.
माझ्या कोपराला वळसा घालून
त्यांनी केव्हाच दुसरी पाडलीय.