शून्य टक्के

भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या मागे माझं दुकान.
कीबोर्डवर रोज भुसा.
बोत्रेमामा लग्नाच्या पन्नाशीचा फोटो घेऊन आले,
म्हणाले, थोरल्याला काढा यातून.

कातरून त्याला वेगळ्या लेअरवर घेतलं,
मागे पडदा भरला,
आणि ओपॅसिटीची पट्टी
(गिऱ्हाइकाला मी दाटपणा म्हणून सांगतो)
डावीकडे सरकवत गेलो.
ऐंशीला शर्ट विटला.
पन्नासला छातीतून पडद्याची फुलं दिसायला लागली.
वीसला उरलं फक्त
चष्म्याच्या काचेवरचं फ्लॅशचं पांढरं.

मग शून्य.
मामींचा हात मात्र तसाच,
खांद्याएवढ्या उंचीवर
हवेवर टेकलेला.

हातही खाली घेऊ का?
मामा बोलले नाहीत.
बाहेर करवत एक आख्खा ओंडका चिरून थांबली.

“पुसलाय त्याला?”
नाही, म्हटलं, आहे तिथेच आहे. दिसत नाही एवढंच.
फाइल बघा, होती तेवढीच जड.
चष्मा कपाळावर चढवून
ते आकडा वाचत राहिले.

“पंधरावर ठेवता येईल?”
छापल्यावर डाग वाटेल, मामा.

वाटू दे, म्हणाले,
आणि खिशात सुटे शोधू लागले.