दोन नंबरचा पंप

सावरकर नगरच्या रद्दीवाल्याकडे डिक्शनरी मिळाली,
वजनावर. पावणेदोन किलो.
‘ए’ अख्खा उंदरांनी खाल्लेला,
म्हणून मी ‘बी’पासून सुरुवात केली.

बेअरिंग : वागण्याची ढब, चालण्यातला रुबाब.
मी हसलो.
तेवीस वर्षं बेअरिंगं बदलली वागळे इस्टेटला,
कुणाचा रुबाब कधी ग्रीसमध्ये बुडवला नाही.

केतकी म्हणाली, बाबा, वहीत लिहा,
रोज पाच शब्द, अर्थ, आणि एक वाक्य तुमचं.
तिचीच नववीची वही. पुढे बेडकाची आकृती,
मागे मी.

फटीग : थकवा.
हा मला ठाऊक होता, लोखंडाचा.
वरून काही दिसत नाही,
एक दिवस शाफ्ट काडीसारखा मोडतो
आणि सगळे विचारतात, काल तर ठीक होता ना?

प्ले : खेळ.
पाष्टे म्हणायचा, माझ्या गुडघ्यात प्ले आलाय.

‘आर’ला पोचलो तेव्हा गणपती बसले होते.
कपाटातून कंपनीचं पत्र काढलं,
त्यातला शब्द अक्षर अक्षर लावून शोधला.
रिडंडंट.
जानेवारीत मेनन साहेबांनी हातात दिलं तेव्हा
मी लगेच सही केली होती,
कारण तो शब्द मला येत होता.

बॉयलरला पाणी द्यायला दोन पंप.
एक चालू, एक नुसता उभा.
साहेब पाहुण्यांना दाखवायचे,
धिस वन इज रिडंडंट,
आणि त्याच्या पाठीवर हात ठेवायचे :
एक नंबर बसला, तर हा आहे.
दर सोमवारी मी त्याला दहा मिनिटं फिरवायचो,
जाम होऊ नये म्हणून.
मला वाटलं, मला राखून ठेवतायत.

डिक्शनरीत लिहिलंय : गरजेहून जास्त. नको असलेला.

वहीत अर्थाची जागा कोरी सोडली.
वाक्य लिहिलं :
दोन नंबरचा पंप रिडंडंट होता,
म्हणून बॉयलर कधी कोरडा पडला नाही.
केतकीने स्पेलिंग तपासलं, लाल टिक केली,
काही बोलली नाही.

काल ‘टी’ लागला.
टॉलरन्स : सहनशीलता.
आमच्यात, दोन शतांश इकडे, दोन तिकडे,
त्यापुढे जॉब रिजेक्ट.
बायकोला विचारलं, तुझा किती?
भाकरी उलटत ती म्हणाली,
मोजणार कशाने?
मायक्रोमीटर तर कंपनीतच राहिला.