बोटभर ढील

किल्ल्याखालच्या मैदानात पहाटे साडेपाचला
आम्ही एकशे बारा जण, बनियनवर.
जानेवारीची थंडी, अंगावरची लव उभी.
कोणी आरटीओतला बाबू, कोणी लाइनमन,
एक दातांचा डॉक्टर, त्याचेच दात वाजत होते.
टेरिटोरियलला पोटापाण्याचा धंदा असलेला माणूस लागतो;
माझा आहे. गोळीबार चौकात टेलरिंग, वय एकोणचाळीस.

"निनावे!"
हवालदारानं पुकारलं,
आणि माझं आडनाव पहिल्यांदाच कोणीतरी
विनोद न करता उच्चारलं.

चार महिने गांधीसागराला फेऱ्या मारल्या.
प्रांजू कठड्यावर बसून, मोबाइल धरून,
जांभयांच्या मधोमध सेकंद मोजायची.
पहिल्या दिवशी म्हणाली, "बाबा, मागं कुत्रं लागलं का?"
कॉटन मार्केटकडं जाणाऱ्या संत्र्यांच्या गाड्या
मला मागं टाकायच्या.
एकदा मी एकीला टाकलं.
हातगाडी होती. तरीपण.

तर्री सोडली. पोहे कोरडे गिळले.
आपल्याकडं तर्री सोडलेल्या माणसाची
लोक हळू आवाजात चौकशी करतात.
कुंदा म्हणाली, "काहून करता हे?
दुकान बरं चालून रायलं ना?"

तिला सांगितलं नाही,
की शटर अर्धं ओढून कितीतरी रात्री
गिऱ्हाइकाची तयार वर्दी मी अंगावर चढवली आहे:
होमगार्डची, एसआरपीची,
एकदा बँडवाल्याची.
बँडवाल्याचीच सगळ्यात छान बसली.

सोळाशे मीटर निघाले.
चिनअप सहा, आणि सातवा निम्मा.
निम्मा मोजत नाहीत. सहा पुरले.

मग छाती.
"साधी, सत्त्याहत्तर. फुगवा."
मी फुगवली.
आत घेतला सगळा चौक,
माग विकले तरी कानात राहिलेली त्यांची खटखट,
आणि बापाचा खोकला:
त्याच्या छातीत शेवटपर्यंत सूत होतं,
डॉक्टर फोटो उजेडाला धरून म्हणाला होता,
"हे बघा, हे पांढरं."
"एक्क्याऐंशी. चारच भरतात. पाच पाहिजेत."
"साहेब, घरी पाच भरत होते."
"घरी कोण मोजतं?"
"मीच."
तो हसला, पण वाईट नाही.

त्याच्या शर्टाचा डावा खांदा
अर्धा इंच उतरलेला होता.
मी काही बोललो नाही.
कागदावर त्यानं काहीतरी लिहिलं,
म्हणाला, "पुढच्या भरतीला या, बेचाळीसपर्यंत चालतं,"
आणि लगेच पुढचं नाव पुकारलं.

बर्डीच्या पुलाखाली सायकल उभी करून
चहा घेताना कळलं,
चूक छातीची नव्हती, हाताची होती.
बावीस वर्षं टेपखाली एक बोट सारतो आहे.
गफूर मास्तरांनी शिकवलं होतं,
"बोट घाल आत पोट्ट्या,
माणूस जेवणार आहे."
त्या बोटात किती जण मावले:
लग्नानंतर सुटलेले जावई,
दिवाळीत वाढलेले गिऱ्हाइक,
श्वास रोखून उभी राहिलेली, नोकरीच्या मुलाखतीला निघालेली पोरं.
फौजेचा टेप तसा नाही.
तो कातडीला चिकटतो
आणि जेवढं आहे तेवढंच सांगतो.

रात्री प्रांजूच्या हातात टेप दिला.
"तू मोज. बोट घालू नको."
तिनं असा आवळला की मला ठसका लागला.
"एक्क्याऐंशी," ती म्हणाली. "आणि थोडं."
"थोडं म्हणजे किती?"
तिनं दिव्याजवळ नेऊन रेघ पाहिली,
डोळे बारीक करून, थेट माझ्यासारखी.
"थोडं म्हणजे थोडं, बाबा.
उद्या उठवू का साडेचारला?"