उसना बटाटा

एर्नेस्टीन, तुझं कार्ड सापडलं.
पीठ, कोको, तीन अंडी, लोण्याची कांडी,
आणि पाचव्या ओळीवर तुपकट डाग,
अक्षरं पार विरघळलेली.
'एक वाटी' एवढंच वाचता येतं.
एक वाटी काय?

कॉफी घालून पाहिली.
ब्राउनीला रात्रपाळीची चव आली.
आंबट साय घातली, तर मधोमध खचली,
बर्फ वितळल्यावर आपला रस्ता खचतो तशी.
शिजवलेलं सफरचंद बरं लागलं,
पण ते तुझं नव्हतं.
नोएला फोनवर म्हणाली, पप्पा, दुकानातून आणा ना.
शनिवारी येतेय ती बॉस्टनहून,
सात तास एकटी गाडी चालवत.
आणि मी दुकानातून आणू?

मेन राज्याच्या या टोकाला
नदीपलीकडे कॅनडा, अलीकडे बटाटे.
एकोणतीस वर्षं मी फॅक्टरीत पट्ट्यासमोर उभा.
हिरवा पडलेला उचल, कुजका उचल, दगड उचल.
झोपेतही हात चालायचे म्हणे,
चादरीवरून काहीबाही वेचत राहायचो.
भुवयांत स्टार्च, मोज्यांत माती,
चर्चमध्ये गुडघे टेकले तरी अंगाला तोच वास.
लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी मी बजावलं होतं:
या घरात बटाटा शिजणार नाही.
तू म्हणालीस, "बरं."
त्या 'बरं'वरूनच मला कळायला हवं होतं.

काल खालचा कप्पा अख्खा बाहेर ओढला.
लाटणं, बिस्किटांचे साचे,
नाताळच्या मेणबत्त्यांची बुडखं,
आणि पार मागे, फडक्यात गुंडाळलेला
उकडलेला बटाटा दाबून काढायचा लोखंडी साचा.
त्याच्या भोकाभोकांत वाळलेला कोको.

मी खुर्चीवर बसलो.
बराच वेळ बसलो.
हसू आलं, मग राग आला,
मग कोट घातला.

लाखो गेले असतील या बोटांखालून,
आणि मी बर्नाडेट थिबोडोच्या दारात
टोपी हातात घेऊन
एक बटाटा उसना मागतोय.
तिनं कशाला म्हणून विचारलं नाही.
आत जाऊन एक घेऊन आली, म्हणाली,
"ती याहून जरा लहान न्यायची.
दर शनिवारी, तू गळ घेऊन नदीवर गेलास की."
म्हणजे तुला माहीत होतं? तुझ्या नवऱ्याला?
"रोझेर, अख्ख्या गल्लीला.
फादरनासुद्धा."

घरी येऊन सोलला. हात विसरले नव्हते.
डोळे काढले, उकडला
(पाण्यात मीठ घालायचीस का गं? मी चिमूटभर घातलं),
साच्यात भरून दाबला.
पांढरे धागे कोकोत पडले.
ढवळत गेलो तसे नाहीसे झाले,
एकही साक्षीदार मागे उरला नाही.

चाळीस मिनिटांनी सुरी घातली, जड होऊन बाहेर आली.
वर कागदासारखा तडकलेला पापुद्रा,
आत काळोख, ओला.
तीच.
पहिला तुकडा उभ्यानंच खाल्ला, जीभ भाजली.

फसवलंस, एर्नेस्टीन.
हजाराहून जास्त शनिवार.
सोमवारी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून
मी सगळ्यांना ऐकवायचो:
माझ्या बायकोच्या हातची ब्राउनी
चार दिवस मऊ राहते, आहे तुमच्यात कुणाची?
आणि मागे पट्टा थांबलेला,
त्यावर बटाटे
गप्प.

नोएला अंधार पडल्यावर पोचली.
बूट न काढताच एक खाल्ली, मग दुसरी.
तिसरीला हात घालताना थांबली,
माझ्याकडे बघत राहिली.
"पप्पा, यात काय घातलंत?"

मी म्हटलं, कोको.

"बरं," म्हणाली,
अगदी तुझ्यासारखं.